लाल टोकांची दोरी

दोरवालीची दोरी कुणी मोजून घेत नसे. दोन्ही टोकांना लाल दोऱ्याचे सात वेढे दिसले की माप पुरं, असं सासऱ्याच्या काळापासून चालत आलं होतं. आधी सासरा ते वेढे द्यायचा, मग नवरा, आणि नवरा गेल्यावर गेली दहा वर्षं ती. विहिरीचा दोर असो की बैलाचं दावं, लाल टोक बघायचं, खांद्यावर टाकायचं आणि चालू पडायचं. लोक म्हणत, बाई तोंडाची फटकळ आहे, पण दोरीची खरी आहे.

त्या वर्षी घायपात नीट वाढलीच नव्हती. उन्हाळा लांबला, पाती बारीक राहिली, आणि बारीक पातीतून निघणारा दोरीचा धागा, वाख, आखूड आणि ठिसूळ. दोरवाली पहाटे विळा घेऊन रस्त्याच्या कडेची घायपात कापायला जायची. त्या पात्यांच्या चिकानं मनगटापासून कोपरापर्यंत फोड उठायचे, आणि ते खाजवायचे नाहीत म्हणून ती हात पाठीमागे बांधून चालायची. स्वतःच्या शेताच्या बांधावर, पाटाच्या ओलाव्यावर, उंच, जाड, मांसल पात्यांची घायपात उभी होती. सासऱ्यानं लावलेली. पण तो बांध आता थोरल्यांचा होता.

थोरले म्हणजे तिचा मोठा दीर. तो बांध त्याच्याकडे कसा गेला हे ती कधी विसरली नाही आणि विसरणारही नव्हती. नवरा जाऊन दोन महिने झाले होते. वाटणीला गावची पाच माणसं उभी होती. थोरले म्हणाले, "बाहेरची टेप कशाला? आमच्या घरचीच दोरी आहे की, लाल टोकांची." दोरी आली ती ओली. रात्रभर पाटाच्या पाण्यात पडलेली. वाखाची दोरी भिजली की आखडते हे दोर वळणाऱ्याच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वीस मीटरच्या दोरीमागे मीटरभर तरी. तिच्या वाट्याच्या बारा दोऱ्या मोजल्या, आणि बारा मीटरचा पट्टा, बांधासकट, घायपातीसकट, पलीकडे गेला. ती ओरडली, "दोरी ओली आहे! वाळवून मोजा!" तेव्हा पाचही माणसं हसली. एक जण म्हणाला, "तुझ्याच घरची दोरी, आणि तूच खोटी म्हणतेस?" थोरल्यांनी हात धरला आणि तिनं कागदावर अंगठा दिला. तो अंगठा नंतर किती वेळा दगडावर घासला, पण शाई काय, लाज काय, निघायला तयार नव्हती.

अशा त्या आखूड वाखाच्या दिवसांत शाळेचे शिट्टीवाले सर तिच्या दारात आले. खेळ शिकवायचे, गळ्यात कायम शिट्टी, म्हणून शिट्टीवाले. शाळेत शेवटच्या वर्षाच्या पोरांचे तीन गट केले होते. एका गटाकडून गणिताच्या बाई कॉलेजचे फॉर्म भरून घेत, दुसरा गट वेल्डिंग आणि लेथ शिकायला जायचा, आणि तिसरा, नऊ पोरापोरींचा, फौजेच्या भरतीसाठी पळायचा. तिची पोरगी त्या तिसऱ्यात होती. पाय लांब आणि आवाज तीक्ष्ण म्हणून सरांनीच तिचं नाव टिटवी ठेवलं होतं.

"पन्नास मीटरची दोरी हवी," सर म्हणाले. "आठ दोऱ्यांची एक फेरी. चार फेऱ्या म्हणजे सोळाशे मीटर. भरतीला तेवढंच पळायचं असतं. शाळेची टेप पंधरा मीटरची, ती पण मधे तुटलेली."

"पळणार कोण कोण?"

सरांनी बोटांवर मोजत सांगितलं. भाजीवालीची पोरगी, इस्त्रीवाल्याचे जुळे, आणखी तिघं, टिटवी. "आणि पोस्टमनचा पोरगा. आणि तुमचा पैलवान."

"आमचा नाही," दोरवाली म्हणाली. पैलवान म्हणजे थोरल्यांचा मुलगा, टिटवीच्याच वयाचा. मांड्या जाड, स्वभाव मऊ. थोरल्यांनी चार महिने आधीच सगळीकडे सांगून ठेवलं होतं की आपल्या घरात वर्दी येणार.

दोरी वळायला दोन माणसं लागतात. एकानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं कमरेला वाख बांधून, बोटांतून सोडत सोडत उलटं चालत जायचं. टिटवी चाक फिरवायची आणि फिरवता फिरवता भरतीच्या पुस्तकातली गणितं मोठ्यानं वाचायची. एक नळ हौद सहा तासांत भरतो, दुसरा चार तासांत. दोरवाली उलटी चालत अंगणातल्या खांबापासून मागच्या दगडापर्यंत जायची. खांब ते दगड पंचवीस मीटर, नवऱ्यानं मोजून रोवलेले. दोन खेपा, पन्नास. दोरी वळून झाली. टिटवी पाणी आणायला गेली. दोरवालीनं दोरी खांबाला ताणली, टोकापासून तीन मीटर मोजले आणि विळ्यानं कापून टाकले. मग लाल दोरा घेऊन नव्या टोकाला वेढे द्यायला बसली. सात. कित्येक वर्षांत आला नव्हता असा हलकेपणा तिला आला, आणि ती चक्क गुणगुणली.

हिशेब तिनं मनात आधीच मांडला होता. दोरीमागे तीन, आठ दोऱ्यांच्या फेरीमागे चोवीस, चार फेऱ्यांत शहाण्णव मीटर. पैलवान इथं छाती फुगवून पळेल, घड्याळ त्याचं कौतुक करेल, आणि खऱ्या मैदानावर वीस सेकंदांनी तोंडावर आपटेल. दोरीनं बांध घेतला होतास ना? मग दोरीनंच घे परत.

आखणी झाली ती आटलेल्या तळ्याच्या सपाट मातीवर. सर एका टोकाला, पोस्टमनचा पोरगा दुसऱ्या. दर दोरीला एक खुंटी. थोरले मुद्दाम बघायला आले होते, धुतलेला सदरा घालून.

"धाकटे," ते तिला म्हणाले, "दोरी पुरी आहे ना?" आणि स्वतःच हसले.

"लाल टोक बघा भावजी," ती म्हणाली. "आमच्या घरात दोरी वाळवून देतात."

थोरल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण सगळ्यांदेखत बोलणार काय? ते शेवटची खुंटी ठोकेपर्यंत थांबले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून पळणं सुरू झालं. आणि दोरवालीनं टिटवीला वेगळं काम लावलं. "चार फेऱ्या झाल्या की थांबायचं नाही. सरळ तळ्याकाठच्या विहिरीच्या कठड्यापर्यंत जायचं, हात लावायचा, आणि रेषेवर परत यायचं. मगच पळणं संपलं."

"का पण? सरांनी चार सांगितल्यात."

"सर सगळ्यांचे आहेत. मी तुझी आहे."

कठडा रेषेपासून अठ्ठेचाळीस मीटर. जाऊन येऊन शहाण्णव. दोरवाली नवऱ्याचं जुनं मनगटी घड्याळ घेऊन रोज रेषेजवळ उभी राहायची. बाकीची पोरं रेषेवर येऊन गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकायची, आणि टिटवी, तोंड लाल, डोळ्यांत पाणी, कठड्याकडे पळत सुटायची. पोरं चिडवायची. "टिटवी, कठड्यावर अंडी घातलीस का गं?" एकदा तिला मधेच ओकारी झाली. दोरवालीनं पदरानं तिचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "अजून वीस पावलं राहिलीत." त्या दिवशी पोरगी आईशी एक शब्द बोलली नाही. चाक मात्र फिरवलं, दात ओठ खात.

इकडे बाकी आठांच्या वेळा बघून सरांचा चेहरा उजळायला लागला. दुसऱ्या महिन्यात पैलवान ठरल्या वेळेच्या सहा सेकंद आत आला. मग आठ. थोरल्यांनी चहाच्या टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. पैलवानासाठी पांढरे बूट आले. ते बूट घालून तो एकदा तिच्या अंगणात आला, पाणी प्यायला. बापाचं आणि काकूचं जाणंयेणं नाही हे त्याला माहीत होतं, तरी तो यायचाच.

"काकू, तुम्ही टिटवीला जास्तीचं का पळवता? मी पण पळू का तिच्याबरोबर?"

दोरवालीच्या हातातला वाख तसाच राहिला. "तुला काय गरज? तू तर आठ सेकंद आत आहेस. उगाच पाय दुखावून घेशील."

"तेही खरंच," तो म्हणाला. तांब्या विसळून पालथा घातला आणि गेला. किती सहज ऐकलं त्यानं! बापासारखा संशयी असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं, आणि वाटल्याचा रागही आला.

भाजीवाली एकदा दोन पेंढ्या घेऊन आली. नको नको म्हणताना तिच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "माझी पोरगी पण आत आली गं काल, चार सेकंदांनी. तुझ्या दोरीचा पायगुण म्हणायचा." दोरवालीनं त्या भाजीकडे बघितलं. बाकीच्या सात पोरांचा तिनं तोवर खरंच विचार केला नव्हता. केला नव्हता म्हणजे, विचार दारात आला की दार लावून घेतलं होतं. आता सांगायचं म्हटलं तर पैलवानालाही सांगितल्यासारखं झालं असतं. तिनं भाजी शिजवली. टिटवीला वाढली. स्वतः चटणी लावून भाकरी खाल्ली.

भरती जिल्ह्याच्या मैदानावर होती. नऊ जण आणि सर सकाळी जीपमधून गेले. थोरल्यांनी पोराच्या खिशात सुकामेवा कोंबला आणि जीप वळणाआड जाईपर्यंत हात हलवला. दोरवाली दारातूनच बघत होती. दिवसभर तिनं एकही दोरी वळली नाही. वाख पिंजत बसली, तो पिंजून पिंजून कापूस झाला.

ऊन कलायच्या आत जीप परत आली. इतक्या लवकर आली म्हणजे काय ते गाव समजलं. पळण्यात जे बाद झाले त्यांना तिथूनच घरी पाठवलं होतं. आठच्या आठ. भाजीवालीची पोरगी अकरा सेकंदांनी गेली. इस्त्रीवाल्याचे जुळे दोघेही. पैलवान शेवटच्या वळणावर गुडघ्यांवर कोसळला, उठला, आणि बारा सेकंद उशिरा रेषेवर पोचून ओकला. पांढऱ्या बुटांवर सगळं उडालं होतं. सर जीपमधून उतरताना पोरांकडे न बघता म्हणाले, "इथं वाघ, तिथं शेपूट घातलंत. तुमच्यात दमच नाही." पोरं माना खाली घालून उभी राहिली. त्यांना ते पटलं होतं, हेच वाईट.

टिटवी एकटी थांबली होती, पुढच्या तपासण्यांना. तिसऱ्या दिवशी आली ती सगळ्या तपासण्या पार करून. महिनाभरानं लेखी झाली, तीही पास. हजर व्हायचा कागद आला.

आणि मग थोरले आले. दहा वर्षांनी तिच्या अंगणात. सदरा चुरगळलेला, दाढी वाढलेली. पायरीवर बसले, खाली, आणि ती वर उंबऱ्यात उभी.

"धाकटे, पोरगं अंथरुणातून उठत नाही. म्हणतं, माझ्यात दम नाही. पाच महिन्यांनी पुन्हा भरती आहे म्हणतात. तू टिटवीला काय खाऊ घातलंस, कसं पळवलंस, तेवढं सांग. मी हात जोडतो."

त्यांनी खरंच हात जोडले. दोरवाली त्या हातांकडे बघत राहिली. याच हातांनी तिचा अंगठा धरून कागदावर दाबला होता. तिनं मुद्दाम उत्तर द्यायला वेळ लावला. वासराला पाणी दाखवलं. अंगणातली काटकी उचलून बाजूला टाकली. दहा वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर पायरीवर बसलं होतं, आणि ते तिला अतिशय गोड लागत होतं. हे तिनं स्वतःपासूनही लपवलं नाही.

"आमच्या घरात दम असतो भावजी," ती शेवटी म्हणाली. "काय करणार! सगळ्यांना कसा असेल?"

थोरले उठले आणि गेले. मागं वळून बघते तर टिटवी चाकाजवळ उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोरगी सरांकडून आखणीची दोरी मागून घेऊन आली. आईला काही विचारलं नाही. दोरीचं एक टोक खांबाला बांधलं, दगडाभोवती वळसा घातला, परत खांबाकडे आली. दुसरं लाल टोक खांबापर्यंत पोचलं नाही. तिच्या हातात ताणलेलं राहिलं, खांबापासून चांगलं तीन मीटर अलीकडे. दोरवाली वाख विंचरत होती, तिचा हात थांबला.

"तिथं चौथी फेरी संपत आली," टिटवी म्हणाली, "तेव्हा सगळे एका ठिकाणी ढिले पडले. एकाच ठिकाणी, आई. इथं जिथं रेषा येते ना, तेवढ्यावर. त्यांच्या पायांना वाटलं संपलं. माझ्या पायांना माहीत होतं की अजून कठडा राहिलाय."

"त्यानं आपला बांध घेतला."

"भाजीवालीनं काय घेतलं?"

दोरवालीनं हातातला वाख खाली टाकला. मग उसळली. "तुला काय कळतंय! तू सात वर्षांची होतीस. पाच माणसं हसली मला!"

"मी तिथंच होते. तुझ्या पदराला धरून. तू ओरडलीस, दोरी ओली आहे, आणि कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं." तिचा तो तीक्ष्ण आवाज आता अगदी बारीक झाला होता. "शाळेत पोरी मला चिडवायच्या, तुझी आई खोटं बोलली म्हणून. मी मारामाऱ्या केल्या. म्हणायचे, माझी आई खोटी दोरी देतच नाही."

तिनं दोरी गुंडाळली आणि आईच्या मांडीवर ठेवली, अलगद, भाजीवालीनं भाजी ठेवली होती तशी.

"मी सरांना सांगणार नाही. तू सांगायचंस. आणि तू सांगितलंस हे मला कळेपर्यंत मी पत्र पाठवणार नाही."

चौथ्या दिवशी ती गेली. बसमध्ये चढताना आईच्या पाया पडली, पण गळ्यात पडली नाही. खिडकीतून हात हलवला, तो सगळ्यांसाठी होता.

घरी आल्यावर दोरवालीला पहिल्यांदा दिसलं ते चाक. फिरवायला कुणी नव्हतं. एकटीनं दोरी वळता येत नाही. दोन दिवस तिनं नुसतं चाकाकडे बघत काढले, आणि कापून ठेवलेले ते तीन मीटर भांड्यांच्या मागून काढून पुन्हा पुन्हा हातात घेतले. ते जोडता आले नसते. दोरीला गाठ मारली की ती मापाची दोरी राहत नाही. दोरीचे पदर उसवून, नवा वाख विणून, पीळ देत पुढे वाढवावी लागते.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाचा आवाज झाला. पैलवान होता. गालफडं बसलेली, पायात जुन्या चपला.

"टिटवीनं जाताना सांगितलं होतं, आईचं चाक अडेल म्हणून. फिरवू का?"

तिनं मान हलवली. आखणीच्या दोरीचं टोक घेतलं, लाल वेढे विळ्याच्या टोकानं सोडवले, पदर मोकळे केले, दोरी चाकाला अडकवली आणि कमरेला वाख बांधला. तो चाक फिरवायला लागला. ती उलटी चालू लागली. एक पाऊल, दोन. बोटांतून वाख सुटत होता, पीळ भरत होता. तोंड त्याच्याकडे. दोर वळताना तोंड दुसरीकडे करताच येत नाही.

"किती लांब वळायची, काकू?"

"तीन मीटर."

"एवढीच? कशाला?"

ती थांबली. अंगणामागच्या शेताच्या बांधावर थोरले घायपातीत उभे राहून इकडे बघत होते, हे तिला दिसत होतं.

"पन्नासाला तीन कमी पडली होती म्हणून. मी कापली होती. तुझ्यासाठी. तुझ्यात दम आहे रे, तू शहाण्णव मीटर कमी पळत होतास. उद्या सरांना सांगणार आहे. पण आधी तुला."

चाकाची मूठ त्याच्या हातातून सुटली. भरलेला पीळ गर्रकन उलटा फिरला आणि वाख तिच्या तळव्यांतून जाळत गेला. तळवे सोलले. तिनं हात मिटले नाहीत. तो काहीतरी फेकून मारेल, शिव्या देईल, बापाला हाक मारेल, म्हणून ती वाट बघत उभी राहिली. तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

पैलवानानं फिरतं चाक पायानं अडवलं. मग म्हणाला, "ती ओली दोरी पाटात मीच टाकली होती, काकू. बाबा म्हणाले, दोरीला पोहायला ने. मला वाटलं खेळ आहे. तुम्ही ओरडलात तेव्हा कळलं. मी बोललो नाही."

दोरवालीनं त्याच्याकडे बघितलं. सात वर्षांचं पोर, हातात जड दोरी, पाटाच्या कडेला वाकलेलं.

"काय रे, काय झालं?" बांधावरून थोरले ओरडले. "चाक का सोडलंस? काय करताय तुम्ही?"

पैलवानानं खाली वाकून मूठ पुन्हा धरली. तिच्या सोललेल्या हातांकडे बघून अगदी हळू, बेतानं चाक फिरवायला लागला.

"दोरी पुरी करतोय, बाबा," तो मोठ्यानं म्हणाला, रस्त्यावरच्या माणसांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "आधी तळ्यावरची फेरी मोजायची. मग शेत. वाळलेल्या दोरीनं."

थोरले घायपातीत उभे होते ते तसेच उभे राहिले. दोरवाली एक पाऊल मागे गेली, मग आणखी एक.